वण्ण, रजन आणि छायाचित्र : शहापूर-मुरबाड परिसरातील जुन्या चित्रांच्या निमित्ताने

शहापूर तालुक्यातील एका बौद्धवाडीत वर्षावासातील प्रवचनासाठी आम्ही गेलो होतो. प्रवचन आटोपल्यावर विहाराच्या भिंतीवरील एका मोठ्या, नव्या कोऱ्या तसबिरीकडे तेथील तरुणांनी आमचे लक्ष वेधले. वाडीतील पहिल्या पिढीच्या उपासक-उपासिकांचे ते सामुदायिक छायाचित्र होते. मूळ चित्र कृष्णधवल, पोस्टकार्डाहून थोडे मोठे, १९५८ साली शाळेच्या पडवीसमोर काढलेले. त्याची संगणकावर दुरुस्ती करून, ते मोठे करून आणि निवडक ठिकाणी रंगवून आणलेली प्रत आता भिंतीवर होती. पुरुषमंडळी, शाळेची भिंत आणि जमीन करड्याच छटेत ठेवली होती. मागील रांगेतील स्त्रियांची लुगडी मात्र गुलाबी, आकाशी आणि पोपटी झाली होती, आणि मध्यभागी बसलेल्या भन्तेंचे चीवर झेंडूच्या फुलासारखे झळकत होते. वर्गणी काढून, हौसेने केलेले काम. आम्हीही प्रथमदर्शनी त्याचे कौतुकच केले, हे येथे कबूल केले पाहिजे.

तेवढ्यात सत्तरी ओलांडलेल्या एक उपासिका पुढे आल्या. चित्रातल्या एका स्त्रीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "गुरुजी, ही माझी आय. पन हे लुगडं तिचं न्हाय. त्या दिवशी सगळ्या जनी पांढऱ्यात होत्या. दोघींकडं पांढरं नव्हतं, तर बाजूच्या वाडीतनं मागून आनलं होतं." मग शेजारच्या आकृतीजवळ बोट नेऊन त्यांनी विचारले, "आन ही कोन? हिचं तोंड मी वळखत न्हाय." चौकशी केल्यावर उलगडा झाला. मूळ चित्रात त्या ठिकाणचा चेहरा कसरीने खाल्लेला होता. संगणकाने तेथे एक नवा चेहरा भरून दिला होता. नीटस, गोरा, किंचित हसरा आणि कोणाचाही नसलेला.

आम्ही मूळ चित्र पाहावयास मागितले. ते नव्हते. ज्या दुकानात काम करविले तेथे "पुठ्ठ्याचा भुगा झाला होता" म्हणून ते टाकून देण्यात आले होते. एक लहान आकाराची, पुढील बाजूचीच स्कॅन केलेली प्रत तेवढी शिल्लक होती. त्या पुठ्ठ्याच्या मागे शिसपेन्सिलीने सर्वांची नावे लिहिलेली होती, हे वाडीतील तिघा-चौघांना स्पष्ट आठवत होते.

प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यांच्या पूर्वजांची नावे वतनाच्या, दंडाच्या आणि वेठीच्या कागदांखेरीज फारशी कोठे नोंदली गेली नाहीत, त्यांच्या घरातील एक छायाचित्र म्हणजे एक दस्तऐवज असतो. शहापूर, खर्डी, वासिंद, किन्हवली, इकडे मुरबाड, सरळगाव, टोकावडे या पट्ट्यातील वाड्यांत आम्ही अशी चित्रे पुष्कळ पाहिली आहेत. धम्मदीक्षेनंतरच्या काही वर्षांतील ही चित्रे बहुधा गटाची असतात. मध्ये पूज्य बाबासाहेबांची तसबीर, तिला हार, भोवती माणसे. स्वतंत्र फोटो काढण्याची ऐपत थोड्यांनाच होती. जत्रेत पडदा लावून बसणाऱ्या फोटोवाल्याकडे काढलेले एखादे जोडप्याचे चित्र घरात असले तर ते मोठे भाग्य. सह्याद्रीच्या पायथ्याचा चार महिन्यांचा पाऊस, कारवीच्या कुडाच्या भिंती, चुलीचा धूर आणि कसर यांतून जे वाचले ते आज साठ-पासष्ट वर्षांनी तिसऱ्या पिढीच्या हाती येत आहे. ही पिढी ते घेऊन तालुक्याच्या गावी संगणकाच्या दुकानात जाते, यात तिचे प्रेमच आहे. त्या दुकानात पुढे काय घडते याचा विचार मात्र आपल्याकडे अद्याप कोणी केलेला दिसत नाही.

छायाचित्रात फेरफार करण्याची कला संगणकाने आणली असा समज असेल तर तो काढून टाकावा. ती मुंबईत छायाचित्राइतकीच जुनी आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतील नामांकित छायाचित्रकार होते. याच काळात विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची चित्रे काढून १८६३ ते १८६६ या काळात दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांतील पुष्कळ माणसे चित्रात दिसणाऱ्या जागी कधी उभीच नव्हती. त्यांना एका ठिकाणी बसवून चित्र घ्यावयाचे, आकृती कापून काढावयाची आणि दुसऱ्या ठिकाणच्या देखाव्यावर बसवावयाची, अशी ती पद्धत होती. माणसाला त्याच्या जागेवरून उचलून 'नमुना' म्हणून मांडण्याचा हा खटाटोप होता. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने हिंदुस्थानातील लोकांविषयी जे आठ खंड काढले, त्यांमागची दृष्टीही याहून वेगळी नव्हती.

त्यानंतर शंभर वर्षे प्रत्येक फोटो स्टुडिओत रिटचिंग करणारा एक माणूस असे. काचेवरील किंवा फिल्मवरील निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने बारीक रेघा मारून तो सुरकुत्या व देवीचे व्रण घालवी. निगेटिव्हवर जेथे काळे चढे तेथे छापील चित्रात उजळ येई. कागदावर कुंचल्याने पांढरे ठिपके बुजवीत. पारदर्शक रंग पातळ करून ओठ, गाल, साडीचा काठ, दागिने रंगवीत. या कारागिरांच्या हातातील कसबाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्यांच्या पेन्सिलीचा कल नेहमी एकाच दिशेने असे. सावळा चेहरा उजळ करणे हे गिऱ्हाईकाने न सांगताच होई. लग्न जुळविण्यासाठी पाठवावयाच्या फोटोत तर ते गृहीतच धरलेले असे.

येथे पालीच्या विद्यार्थ्यास 'वण्ण' हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. वण्ण म्हणजे रंग, वण्ण म्हणजे कांती, वण्ण म्हणजे स्तुती आणि वण्ण म्हणजे चातुर्वर्ण्यातील वर्णही. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात ब्राह्मणांचा जो दावा भगवंतांपुढे मांडला जातो त्यात हे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत. ब्राह्मण हाच शुक्ल वर्ण, इतर ते कृष्ण वर्ण, असे तेथे म्हटले आहे. भगवंतांनी तो दावा एकेक प्रश्न विचारून कसा मोडून काढला ते वाचकांस ठाऊकच आहे. ज्या समाजाने हा दावा नाकारून धम्म स्वीकारला, त्या समाजाच्या पहिल्या पिढीचे चेहरे विहाराच्या भिंतीवर चढताना उजळ केले जावेत, ही गोष्ट आम्हांस केवळ सौंदर्यदृष्टीची वाटत नाही.

आता यंत्राकडे वळू. कृष्णधवल चित्रातील प्रत्येक ठिपक्याजवळ एकच माहिती असते, ती म्हणजे तो किती उजळ आहे. संगणक ती साधारणपणे ० ते २५५ यांमधील एका अंकाने लिहितो. रंगीत ठिपक्यास मात्र तीन अंक लागतात. एकावरून तीन काढावयाचे म्हणजे दोन बाहेरून आणावे लागतात. ते कोठून आणावयाचे, हाच रंगकामाचा सगळा प्रश्न आहे. जुना रंगारी ते आपल्या आठवणीतून, गिऱ्हाईकाच्या सांगण्यावरून किंवा सरळ आपल्या मर्जीने आणीत असे. फोटोशॉप हा कार्यक्रम १९९० साली बाजारात आला आणि १९९४ साली त्यात एकावर एक पारदर्शक थर ठेवण्याची सोय झाली. तेव्हापासून रंगाचा थर वेगळा ठेवून, हवा तेवढाच भाग उघडा टाकून खालच्या चित्राचा उजेड-अंधार कायम ठेवता येऊ लागला. निवडक रंगकाम म्हणतात ते हेच. यात रंग निवडणारा अजून माणूस होता.

२०१६ च्या सुमारास हा माणूसही बाजूला झाला. अमेरिकेतील बर्कली येथील रिचर्ड झांग, फिलिप इझोला व अलेक्सी एफ्रॉस या संशोधकांनी सुमारे १३ लाख रंगीत चित्रे संगणकास दाखवून, करड्या चित्राचा रंग स्वतःच सुचविण्यास त्यास शिकविले. पुढे २०१८ साली डीओल्डिफाय हे साधन आले, २०२० च्या आरंभी वंशावळीच्या एका आंतरराष्ट्रीय संकेतस्थळाने ते घरोघर पोहोचविले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फोटोशॉपमध्येही तशी सोय झाली. आज हातातील फोनवर ते काही सेकंदांत होते. त्या संशोधकांचा एक प्रामाणिकपणा मात्र नोंदवला पाहिजे. खरा रंग शोधून काढणे हे आपले उद्दिष्ट नाही, पाहणाऱ्यास खरा वाटेल असा रंग देणे हे आहे, असे त्यांनी आपल्या निबंधातच सांगून ठेवले आहे. दुकानदार हे सांगत नाही. त्यास बहुधा ते ठाऊकही नसते.

आणि 'खरा वाटेल' तो कोणास? ज्या इमेजनेट नामक चित्रसंग्रहावर ही यंत्रे शिकली, त्यातील ४५ टक्क्यांहून अधिक चित्रे एकट्या अमेरिकेतील असल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. चीन आणि भारत मिळून त्यात अवघी ३ टक्के होती. किन्हवली किंवा सरळगावच्या बाजारातील नऊवारी लुगडे त्या यंत्राने किती वेळा पाहिले असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

यावर कोणी म्हणेल की, करड्या छटेवरून निदान गडद-फिका तरी कळतोच. तेही पूर्णतः खरे नाही. आरंभीच्या फोटोच्या काचा केवळ निळा व जांभळा प्रकाश ओळखीत. त्यांना तांबडा दिसतच नसे. त्यामुळे निळे आकाश पांढरे आणि तांबडे वस्त्र काळे उमटे. १८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने काचेवरील द्रव्यात रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा प्रकाश दिसू शकेल असे केले. म्हणजे छायाचित्रासही पाहावयास शिकण्यापूर्वी एकदा रजन करून घ्यावे लागले! सर्व रंग ओळखणाऱ्या काचा १९०६ पासून विकत मिळू लागल्या, पण छोट्या गावच्या फोटोवाल्यांकडे जे स्वस्त मिळेल ते साहित्य दीर्घकाळ वापरले जाई. तेव्हा अशा एखाद्या चित्रात काळाभोर दिसणारा साडीचा काठ प्रत्यक्षात तांबडा असू शकतो, आणि फिका दिसणारा कोट निळा असू शकतो.

निळ्या कोटाचा उल्लेख आलाच आहे तर त्याविषयी थोडे. गावोगावच्या पुतळ्यांमुळे आणि तसबिरींमुळे बाबासाहेबांचा कोट निळाच, अशी आपली दृष्टी झाली आहे. निळा हा आपल्या चळवळीचा रंग आहे. १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा ध्वज निळा होता. त्यापूर्वीच्या स्वतंत्र मजूर पक्षाचा ध्वज मात्र तांबडा होता, हे नव्या पिढीस सांगावे लागते. पुतळा हे अभिवादन आहे. तेथे निळा रंग वापरण्यास आमची हरकत नाही. छायाचित्र ही साक्ष आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे पूज्य चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून त्रिशरण-पंचशील ग्रहण करताना बाबासाहेबांनी शुभ्र रेशमी धोतर व शुभ्र कोट परिधान केला होता. जमलेल्या जनसमुदायासही शुभ्र वस्त्रांत येण्याचे आवाहन होते. त्या प्रसंगाच्या चित्रात कोणी निळा कोट रंगविला तर तो भक्तीने रंगविला असला तरी चुकीचाच आहे. राजगृहातील फेब्रुवारी १९३४ चे प्रसिद्ध कौटुंबिक चित्र घ्या. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि टॉबी नावाचा कुत्रा. माता रमाईंचे निर्वाण २७ मे १९३५ रोजी झाले. त्यांची चित्रे मोजकीच आहेत. त्या चित्रातील साडीचा रंग चित्र सांगत नाही, आणि बाजारात मात्र ती कधी हिरवी, कधी निळी, कधी तांबडी मिळते. बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू व वस्त्रे नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात आणि पुण्यातील सिंबायोसिसच्या संग्रहालयात जतन केलेली आहेत. ज्यास कोट रंगवावयाचा आहे त्याने आधी तेथे जावे.

शुभ्र वस्त्राचा मुद्दा उपासिकांच्या त्या लुगड्यांपाशी पुन्हा येतो. सुत्तांत गृहस्थ शिष्यांचे वर्णन ठिकठिकाणी 'ओदातवसन', म्हणजे शुभ्र वस्त्र धारण करणारे, असे येते. शहापूरच्या त्या वाडीतील स्त्रियांना हा पाली शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु दुसऱ्या वाडीतून पांढरे लुगडे मागून आणून त्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्या अडीच हजार वर्षांच्या एका शब्दात उभ्या राहिल्या होत्या. यंत्रास पांढरा हा रंगच वाटत नाही, तो त्यास रंगाचा अभाव वाटतो, आणि म्हणून ते तो भरून काढते. शिवाय जुना कागद पिवळा पडलेला असतो. पिवळेपणा काढण्याच्या नादात छटा सरकते आणि मग शुभ्र लुगडे फिकट गुलाबी व्हावयास वेळ लागत नाही.

चीवराविषयी तर विनयात स्पष्ट मर्यादाच आहेत. महावग्गाच्या चीवरक्खंधकात सहा प्रकारच्या रजनास अनुमती आहे. मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ यांपासून केलेली ती रंगद्रव्ये आहेत. याउलट संपूर्ण निळे, संपूर्ण पिवळे, संपूर्ण तांबडे, मंजिष्ठी, काळे अशी चीवरे निषिद्ध आहेत. साली-मुळांच्या काढ्यातून येणारा रंग हा नेहमी मळकट, मातकट, काषाय असतो, आणि तसाच तो असावा हा हेतू आहे. बर्मी परंपरेत त्याची गडद तांबूस छटा आढळते, सिंहली परंपरेत पिवळसर-केशरी. करड्या चित्रावरून यांतील कोणती हे ठरत नाही. भन्ते कोणत्या परंपरेचे होते हे ठाऊक असेल तरच काही सांगता येते. झेंडूच्या फुलाचा भडक रंग मात्र कोणत्याही परिस्थितीत विनयास धरून नाही.

सर्वच ठिकाणी अज्ञान आहे असे नव्हे. पंचशील ध्वज हे उलट उदाहरण. तो १८८५ साली सिंहलद्वीपात तयार झाला, पुढील वर्षी कर्नल ऑल्कॉट यांच्या सूचनेवरून त्याचा आकार बदलला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास जागतिक बौद्ध भ्रातृत्व संघाने तो स्वीकारला. नील, पीत, लोहित, ओदात, मंजिष्ठ आणि शेवटी या सर्वांच्या आडव्या पट्ट्या हा क्रम ठरलेला आहे. करड्या चित्रात ध्वजाचे पट्टे ओळखू येत असतील तर त्यांचे रंग निःशंकपणे भरता येतात, कारण येथे पुरावा चित्राबाहेर उपलब्ध आहे. रंगकाम हा अशा बाह्य पुराव्याचा प्रश्न आहे, हाताच्या सफाईचा नव्हे.

चेहऱ्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने नोम पेन्ह येथील तुओल स्लेंग शाळेचा तुरुंग केला. बारा हजारांहून अधिक माणसे तेथून मृत्यूच्या दारात गेली. आत आणताना प्रत्येकाचे कृष्णधवल छायाचित्र काढले जाई. एप्रिल २०२१ मध्ये मॅट लॉफ्री या आयरिश कलावंताने रंगविलेली त्यांतील काही चित्रे व्हाइस या नियतकालिकाने प्रसिद्ध केली. पाहणाऱ्यांच्या लक्षात आले की मूळ चित्रांत नसलेले स्मित काही चेहऱ्यांवर आणले गेले आहे. बळी पडलेल्यांचे नातेवाईक संतापले, कंबोडियाच्या संस्कृती मंत्रालयाने निषेध केला आणि ती चित्रे मागे घेण्यात आली. एका बौद्ध देशाच्या मृतांना कोणी तरी परस्पर हसविले होते. शहापूरच्या त्या तसबिरीतील अनोळखी स्त्रीही किंचित हसत होती, हे आम्ही वर लिहिलेच आहे. दोन्ही प्रसंगांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. यंत्राला आणि कारागिराला जुन्या माणसांनी हसलेले आवडते, एवढेच नोंदवतो.

मज्झिम निकायाच्या ककचूपम सुत्तात एक दृष्टान्त आहे. एक मनुष्य लाख, हळद, नीळ, मंजिष्ठ असे रंग घेऊन येतो आणि म्हणतो, मी या आकाशावर चित्रे काढीन. ते त्यास साधेल काय, असे भगवंत विचारतात. भिक्खू म्हणतात, नाही, कारण आकाश अरूपी आहे, तेथे रूप उमटविता येत नाही. दृष्टान्ताचा मूळ संदर्भ क्षमाशीलतेचा आहे, तो आम्ही बाजूस ठेवलेला नाही. परंतु कसरीने खाल्लेल्या त्या जागी काहीच नव्हते, आणि त्या नसण्यावर संगणकाने चेहरा काढून दाखविला. भगवंतांच्या काळच्या रंगाऱ्यास जे अशक्य वाटले ते आता शक्य झाले आहे, हीच अडचण आहे.

दुरुस्तीने मूळ वस्तूची हानी कशी होते याचा धडा अजिंठ्याने आपणांस पूर्वीच दिला आहे. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी तेथे प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह तेथे राबले. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून भिंतीवरील चित्रांवर वार्निश चढविले गेले. ते पुढे पिवळे पडले, आणि ते काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची दशके गेली. या दृष्टीने संगणकावरील काम पुष्कळच निर्धोक आहे. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे जे डिजिटल पुनरुज्जीवन केले त्यात भिंतीस बोटही लागत नाही, मूळ आहे तेथे आहे तसे राहते. शहापूरच्या पुठ्ठ्याचे मात्र तसे झाले नाही.

हरवलेल्या चेहऱ्याची चौकशी करता करता असे कळले की त्या स्त्रीचे माहेर मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या बाजूस होते. दोन तरुण तेथे निघाले, आम्हीही त्यांच्याबरोबर गेलो. घर सापडले. एक लग्नातले चित्र होते, परंतु ते ओलीने काचेस चिकटलेले आणि दोन्ही चेहऱ्यांवर बुरशी चढलेली. तरुणांपैकी एकजण काच सोडवू लागला, त्यास आम्ही थांबविले. चिकटलेले चित्र ओढल्यास चेहरा काचेवर जातो. ते काचेसकट स्कॅन करावे हेच बरे.

तेथपर्यंत गेलोच होतो म्हणून दुसऱ्या दिवशी वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढलो. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा जो लेख आहे तो वैदिक यज्ञांतील दक्षिणांचा आहे, धम्माचा नव्हे, आणि त्याविषयी आपल्याकडे जो घोळ घातला जातो तो थांबला पाहिजे. आमच्या कामाची गोष्ट त्याच लेण्याच्या मागील भिंतीवर आहे. तेथे राजकुळातील व्यक्तींच्या मूर्ती ओळीने कोरलेल्या होत्या. एक प्रकारचे सामुदायिक चित्रच ते. आज मूर्ती नाहीत, पावलांचे अवशेष तेवढे आहेत. परंतु त्या मूर्तींच्या डोक्यांवर ब्राह्मी अक्षरांत कोरलेली नावे राहिली. राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरि सातकनि, कुमार, महारठी. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी ती वाचली आणि सातवाहनांच्या इतिहासाचा पाया त्यांवर उभा राहिला. पावलांवर नव्या मूर्ती बसवाव्यात असे आजवर कोणास सुचलेले नाही. उलट मूर्ती असत्या आणि नावे झिजली असती, तर आज आपण त्यांस कोणतेही राजे म्हटले असते. त्या संध्याकाळी खाली उतरताना तरुणांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा पुठ्ठ्यामागची ती शिसपेन्सिलीची अक्षरे येत होती.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी चित्राची मागची बाजूही स्कॅन करावी, अक्षर असो वा नसो. इंचास ६०० ठिपक्यांहून कमी घेऊ नये, आणि टिफ स्वरूपात जपून ठेवावे. जेपीजी स्वरूपात माहिती गळते. मूळ चित्र कितीही चुरगळलेले असले तरी घरी परत आणावे. रंगाचा थर वेगळा ठेवण्यास सांगावे आणि वडीलधाऱ्यांस विचारल्यावाचून रंग भरू नये. आणखी एक गोष्ट विनयातून घेण्यासारखी आहे. पाचित्तियातील ५८ व्या नियमानुसार भिक्खूने नवे चीवर वापरण्यापूर्वी त्यावर निळ्या, चिखलाच्या किंवा काळपट रंगाची खूण करावयाची असते. निदानकथा अशी की, साकेताहून श्रावस्तीस जाताना भिक्खू आणि परिव्राजक दोघेही लुटले गेले. चोरीचा माल मिळाला, पण आपले चीवर कोणते हे भिक्खूंस ओळखता येईना. अट्ठकथेने या खुणेचे मापही दिले आहे, मोराच्या पिसावरील डोळ्याएवढी किंवा ढेकणाच्या पाठीएवढी. अशीच एक बारीक खूण रंगविलेल्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात असावी, आणि तिच्या शेजारी कोणते रंग सांगीव, कोणते तर्काचे, हे लिहिलेले असावे. चित्र विद्रूप होईल ही तक्रार आम्ही ऐकली आहे. त्या नियमाचे पाली नावच 'दुब्बण्णकरण' आहे.

शहापूरच्या विहारातील तसबीर आता बदलली आहे. शिल्लक राहिलेल्या लहान स्कॅनवरूनच ती पुन्हा करावी लागली, म्हणून आकार पूर्वीच्या निम्मा आहे. लुगडी पांढरी आहेत. चीवर करडेच ठेवले आहे, कारण ते भन्ते कोठले होते हे कोणासही निश्चित सांगता आले नाही. त्या वृद्ध उपासिकेने आपल्या आईच्या लुगड्याचा काठ तांबडा होता असे सांगितले. तेवढा एक काठ रंगविला आहे आणि खाली 'मुलीच्या सांगण्यावरून' असे लिहिले आहे. २३ माणसांपैकी १९ जणांची नावे वाडीने जमविली. खाल्लेल्या चेहऱ्याच्या जागी करडा डाग ठेवला आहे आणि त्याखाली टोकावड्याकडून कळलेले नाव आहे. उरलेल्या चौघांपैकी एक मुलगा पुढे कसाऱ्याकडे रेल्वेत कामास लागला असे म्हणतात. त्याच्या शोधात ते तरुण आहेत.